जोडीतलं दुसरं टोक

धाकटा भाऊ म्हणजे दीडशहाण्यांचा मुकुटमणी. दादाला जाऊन महिना होत नाही तोच त्याच्याच खुर्चीत बसून त्याच्याच कामाला नावं ठेवत होता. कंपनीने दादाने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा एक प्रोग्रॅम, साफसूफ करायला त्याच्याकडे दिला होता, एवढंच निमित्त.

या ड्रायव्हरचं काम म्हणजे प्रत्यक्षात नसलेली नेटवर्क कार्डं सांभाळणं. कार्ड खोटं, तार खोटी. सगळा कारभार कॉम्प्युटरच्या पोटात. अशी कार्डं जोडीने जन्मतात. जोडीतलं एक टोक काढलं की दुसरं आपोआप जातं, हा नियम.

दादाने एका जोडीला नावं दिली होती ‘मी’ आणि ‘ती’.

“काय हा पोरकटपणा!” धाकटा फिसकन हसला. ‘मी’चा कुठेच पत्ता नव्हता. मग नियमाने ‘ती’ही जायला हवी होती. पण ‘ती’पुढे हिरवी अक्षरं होती: लिंक चालू.

“थापा मारतोय दादाचा कोड.”

त्याने ओळन् ओळ चाळली. थाप कुठेच नव्हती. ड्रायव्हर दर सेकंदाला पलीकडे ‘आहेस का?’ असं विचारत होता आणि पलीकडून कुणीतरी उत्तर देत होतं. खोलीत दादाच्या केसांच्या तेलाचा वास आला. धाकट्याने नाक मुरडून खिडकी उघडली, वास जाईना. पंखा बंद असूनही मानेला गार वारा लागत होता.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, “भावोजी, ते तेवढं राहू द्या... यांनी बजावलं होतं, ‘मी आहे तोवर ते काढायचं नाही.’”

“वहिनी, तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. भांडी घासा.”

“हिरवं दिसतंय ना अजून?” आवाज एकदम बारीक झाला. “मग... ते आहेत.”

धाकट्याला हसूच आवरेना. अडाणी ते अडाणीच! त्याने ‘ती’ काढून टाकायचा हुकूम टाइप केला. ड्रायव्हरने विचारलं, नक्की? त्याने ऐटीत होकार ठोकला. हिरवी अक्षरं विझली.

भांड्यांचा आवाज थांबला. नळ तेवढा वाहत राहिला.

“वहिनी?”

तो खुर्चीतून उठला.

“वहिनी... नळ बंद करा ना...”

तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. वहिनी ओट्याला टेकून खाली बसली होती, डोळे उघडे, हातात घासणी. त्याने नाडी पाहिली, ती लागेना; हाका मारल्या, गदागदा हलवलं. लहानपणी तापात उशाशी बसायची ती वहिनी! नियम तोंडपाठ होता गाढवाला, अर्थ आत्ता कळला.

“मी परत जोडतो... वहिनी, आत्ता जोडतो...”

रडत, ठेचकाळत तो खोलीत धावला. जोडायला काही उरलंच नव्हतं. पडद्यावर दोन ओळी हिरव्यागार होत्या.

मी: लिंक चालू.
ती: लिंक चालू.

खाली तिसरी ओळ उमटत होती. कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता. लाडात आला की दादा त्याला ज्या नावाने हाक मारायचा, तेच नाव.

शेंडेफळ: दुसरं टोक सापडलं. जोडतोय...