गुलाबी मेणाचा शिक्का

पहिल्याच भेटीत मी त्याच्या डोक्यावर उकळतं तेल ओतलं.

उकळतं म्हणजे तसं थंडच. सकाळचा उरलेला काळा चहा होता, त्यात कोळसा कुस्करलेला. पण आमच्या किल्ल्यात त्याला तेल म्हणायचं आणि गॅलरीला बुरूज. शत्रू दरवाजा फोडायला आला की बुरुजावरून तेल ओतायचं, हा त्या दिवशीचा धडा. शत्रू म्हणून खाली पुठ्ठ्याची खोकी मांडली होती. माझा भाचा बंब्या ओरडला, "ओता!" माझ्या भाचीनं, ठकीनं, बादली कलंडवली. बादली जड होती म्हणून मी हात लावला, हे खरं.

नेमका तेव्हाच खालच्या गाळ्यातून एक माणूस बाहेर आला. हातात ट्रे. ट्रेमध्ये दात.

"अहो!"

"अहो काय? वर बघून चालता येत नाही?"

"माणसं पुढे बघून चालतात, बाई!"

"वेढा पडलाय इथे. दिसत नाही?"

त्यानं खोक्यांकडे बघितलं, गॅलरीच्या कठड्यावर लावलेल्या पुठ्ठ्याच्या कंगोऱ्यांकडे बघितलं, मग ट्रेकडे. "या कवळ्या आज द्यायच्या होत्या मला. आता बघा — जन्मभर विड्या ओढल्यासारख्या दिसतायत."

"मग एखाद्या विड्या ओढणाऱ्याला द्या."

त्याच्या भुवयांवरून चहा ठिबकत होता... आणि तो हसला. चिडणारी माणसं मला चालतात. हसणारी नाही. त्यांच्याशी भांडण नीट लागतच नाही.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. कारणंही आहेत. ठकी वाचताना अडखळते, म्हणून शाळेनं तिला वर्षभर शेवटच्या बाकावर बसवलं होतं. नऊ वर्षांची पोर घरी येऊन विचारायची, "आत्या, मी मठ्ठ आहे का गं?" मी शाळेत जाऊन बाईंशी भांडले, मुख्याध्यापकांशी भांडले, मग घरी येऊन दादाशी भांडले. "काढ तिला तिथून. मी शिकवते." मला स्वतःला कोणी धड शिकवलं नव्हतं. जे आलं ते रद्दीतली पुस्तकं वाचून आलं. शिकवणाऱ्यांचा मला राग आहे, आणि मी शिकवते. करा काय करायचं ते.

ठकीपाठोपाठ धाकट्या बंब्यानंही शाळा सोडली. त्याला फक्त किल्ल्यात राहायचं होतं.

आम्ही राजेरजवाडे पुस्तकातून शिकलो नाही. शिळ्या पावाची ताटं करून त्यावर जेवलो, कारण पूर्वी काही मुलखांत थाळ्या फक्त श्रीमंतांकडे असत. लोकर पिंजली, सूत काढलं, बोटं सोलवटून घेतली. रोज सकाळी चिठ्ठ्या टाकायच्या : राजा, प्रधान, चोपदार, प्रजा. ज्याला जे निघेल ते त्यानं दिवसभर करायचं. वहिनीसुद्धा हसत चिठ्ठी उचलायची. दादा कधीच नाही. "मला वेळ नाही असल्या खेळांना," म्हणायचा आणि पेपर उघडून बसायचा. चहा त्याच्यापर्यंत आपोआप पोचायचा. चिठ्ठी न उचलता राजा, असा आमच्या घरात एकच होता.

दुसऱ्या दिवशी कवळीवाला दारात उभा. मला वाटलं, भरपाई मागायला आला. म्हणून मी आधीच आवाज चढवला, "हे बघा—"

"तुमच्या फर्मानावरचा शिक्का फुटला ना काल?" तो म्हणाला. "सगळ्या गल्लीनं ऐकलं. मेणबत्तीच्या मेणाला भेगा जातात. हे घ्या, कवळीचं मेण. जरा ऊब दिली की लोण्यासारखं होतं."

गुलाबी पट्ट्या होत्या. हिरड्यांच्या रंगाच्या. राजाचं फर्मान आणि त्यावर गुलाबी शिक्का! बंब्या हसून हसून गडबडा लोळला. तो मात्र जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्यानं प्लास्टरच्या तुकड्यांवर मुलांसाठी शिक्के कोरले. ठकीला शिडी हवी होती, बंब्याला पाव.

"आणि तुमचा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मला कशाला? माझी चिठ्ठी नेहमी प्रजेचीच निघते."

"मग प्रजेचा शिक्का."

"प्रजेला कुठला आलाय शिक्का? इतिहास शिका जरा, कवळीवाले."

"शिकवा की." आता त्यानं मान वर केली. आणि खाली घातलीच नाही...

मी खिडकीकडे बघत बसले. खिडकीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मग तो येतच राहिला. दुपारी काम थांबलं की वर. मुलं त्याला दातकाका म्हणायला लागली. त्यानं एकदा आम्हाला खाली त्याच्या गाळ्यात नेलं. फळीवर ओळीनं प्लास्टरचे जबडे, एकही हसत नव्हता. त्यानं मेणाची पट्टी गरम केली आणि ठकीपुढे धरली. "चाव." ठकी चावली. बंब्या चावला, जवळजवळ खाल्लीच. दोन्ही पट्ट्या त्यानं शेजारी ठेवल्या. "बघा. दोन माणसांचा चावा कधी सारखा नसतो. सही कुणीही गिरवेल, पण हे नाही जमायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचाही घेऊ?"

"माझा चावा परवडायचा नाही तुम्हाला."

"माझा धंदाच तो आहे."

मला हसू आलं. त्याचाच राग आला.

आणि मग तहाचा दिवस उजाडला.

पलंगाचं राज्य बंब्याचं, टेबलाचं राज्य दातकाकांचं. दोघांत लढाई झाली, उशा फुटल्या, बंब्या हरला. तह करायचा ठरलं. त्या काळी तह कसा व्हायचा हे मीच शिकवलं होतं : सीमेवरचा एक किल्ला द्यायचा, थोडं सोनं द्यायचं आणि राजघराण्यातली एक मुलगी द्यायची. म्हणून बंब्यानं स्टुलाचा किल्ला दिला, बाटल्यांची बुचं दिली आणि ठकी दिली. नवरदेव म्हणून मिशा लावलेला झाडू उभा होता.

शिक्का उठला. आणि ठकी उभी राहिली.

"मला कुणी विचारलं?"

"राजकन्येला नाही विचारत," बंब्या म्हणाला. "आत्यानंच सांगितलंय."

"आत्या, खरं?"

"हो," मी म्हणाले. "नसत विचारत."

"मग ते सगळे बावळट होते." तिनं गुलाबी शिक्का कागदावरून ओरबाडून काढला आणि गॅलरीतून खाली फेकला. झाडूलाही एक लाथ.

दातकाकांनी टाळ्या वाजवल्या. "राजकन्येचं बरोबर आहे!" म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलंय मी ते.

संध्याकाळी दादानं मला हाक मारली. पेपर घडी करून ठेवला होता, म्हणजे गोष्ट मोठी होती.

"बस. तुझं जमलं."

"काय जमलं?"

"खालचा कवळीवाला. आत्ताच विचारून गेला मला. माणूस सरळ आहे, स्वतःचा धंदा आहे. मी हो म्हणून टाकलं." मग चष्मा पुसत, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसं, "आणि पुढच्या सत्रापासून मुलं शाळेत जातील परत. तू तुझ्या घरी गेल्यावर हे सगळं कोण करणार? पुरे झाला खेळ."

तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. एका कपाच्या चहात यांनी मला दिलं, माझी शाळा मोडली आणि ठकीला पुन्हा शेवटच्या बाकावर बसवलं.

"दादा, मला विचारलंस?"

"अगं, तुझ्या भल्याचंच आहे. मी काय विकलं का तुला?"

"विकलं नाहीस. तहात दिलंस."

मी जिना उतरले, त्याला उतरणं म्हणवत नाही, कोसळले. तो मशीनवर कुणाचे तरी दात घासत होता.

"बंद करा ते."

त्यानं बंद केलं. माझा चेहरा बघून तोंडावरचा मास्क खाली ओढला. "दादा बोलले वाटतं? मी—"

"दुपारी टाळ्या कुणी वाजवल्या?"

"मला वाटलं, आधी मोठ्यांना विचारावं... तुमचा मान राखावा म्हणून..."

"माझा मान? माझा मान तुम्ही दादाच्या हातात देऊन आलात! नऊ वर्षांच्या पोरीला कळतं ते तुम्हाला कळत नाही? रोज दुपारी माझ्यासमोर बसत होता. तोंड होतं ना? दात तर इतके आहेत तुमच्याकडे!"

मला वाटत होतं, त्यानं बोलावं. भांडावं. त्याला आवडते मी, हे तरी माझ्या तोंडावर सांगावं. तो नुसता उभा राहिला, हातात कुणाचा तरी वरचा जबडा घेऊन. मी वर निघून आले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. बरंचसं.

तो यायचा थांबला. दुपारी खालून मशीनचा आवाज यायचा आणि मी मुलांवर विनाकारण खेकसायचे. दादा माझ्याशी बोलत नव्हता, मी दादाशी. असं दोघंही ताठ बसलेलो असताना एका सकाळी वहिनी स्वयंपाकघरातून चिठ्ठ्यांचा डबा घेऊन आली. तिनं तो दादाच्या पेपरावर आपटला.

"उचला."

"हे काय आता?"

"मलाही कुणी विचारलं नव्हतं," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुम्ही बरे निघालात, हे माझं नशीब. पण विचारलं नव्हतं. आणि मुलं माझीही आहेत. ठकी काल मला अख्खं पान वाचून दाखवत होती. अडखळत... पण स्वतःहून. ती कुठल्याही शाळेत जाणार नाही. उचला चिठ्ठी."

मी इतकी वर्षं घसा फोडत होते, आणि ही बाई दोन वाक्यांत किल्ला घेऊन गेली.

दादानं वहिनीकडे बघितलं. मग चिठ्ठी उचलली. चोपदार.

ठकीला राणी निघाली. दरबार भरला. राणी पलंगावर, प्रधान म्हणून बंब्या, वहिनी आणि मी प्रजा. दादा हातात छत्री घेऊन दाराशी उभा, तोंड कडू. तेवढ्यात बेल वाजली.

"चोपदार, कोण आलंय?" राणीनं विचारलं.

दादानं दार उघडलं. घसा खाकरला. "खालचे... कवळीवाले... हजर आहेत."

"मोठ्यानं!" बंब्या ओरडला.

"हजर आहेत!"

तो आत आला. केस विंचरलेले, बोटांवर पांढरी भुकटी तशीच. राणीपुढे गुडघ्यावर बसला. "महाराणी, माझी फिर्याद आहे. माझ्याच विरुद्ध. विचारायचं होतं एकीला आणि मी गेलो भलत्याच दरबारात. भीती वाटली, म्हणून. ती नाही म्हणाली असती तर... भावाकडून नकार आला असता तर कमी लागला असता."

ठकीनं गाल फुगवले. विचार केला. "याचा निकाल मी नाही देणार. आत्याला विचारा."

तो वळला. गुडघ्यावरच. खिशातून प्लास्टरचा एक शिक्का काढला. गुळगुळीत. त्यावर काहीही कोरलेलं नव्हतं.

"तुमचा," तो म्हणाला. "काय कोरायचं ते मी नाही ठरवलं. आणि... माझ्याशी लग्न कराल का, हे तुम्हाला विचारतोय. फक्त तुम्हाला. नाही म्हणालात तरी मुलांना मेण मिळत राहील."

दादाची छत्री कुरकुरली.

"शाळा याच खोलीत राहील," मी म्हणाले.

"राहील."

"रोज चिठ्ठ्या. तुमच्याही घरात. आणि राजा निघाला तरी दुसऱ्या दिवशी उतरायचं."

"उतरेन."

"आणि मी चिडकी आहे. लग्नानं जाणार नाही ते."

"माहितीये. पहिल्या दिवसापासून अंगावर घेतोय."

मला हसायचं नव्हतं. मी त्याच्या हातातला शिक्का घेतला नाही. टेबलावरची गुलाबी पट्टी उचलली, तळहातात दाबून मऊ केली, आणि दातांत धरून चावले. जोरात. सगळा राग काढून. मग ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"हा घ्या माझा शिक्का. हो आहे."

त्यानं पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. डोळे बारीक करून बघत राहिला, आणि त्याचे कान हळूहळू मेणाच्या रंगाचे झाले.

"वरचा एक दात जरा वाकडा आहे," तो म्हणाला.

"सरळ करायला जाल, तर याद राखा."