एक हात कमी

दोरवाल्यांच्या दुकानाला शंभर वर्षं पूर्ण व्हायला अडीच महिने उरले होते आणि त्यांच्या डोक्यात एका पुस्तिकेनं घर केलं होतं. जाड कागद, रंगीत मुखपृष्ठ आणि त्यावर पणजोबा. दुकानाच्या मागच्या भिंतीवर ज्यांची तसबीर होती, तेच पणजोबा. मिशा पिळदार, दोन्ही हात मांड्यांवर, आणि नजर अशी की गिऱ्हाईक घासाघीस करायला कचरावं.

अडचण एवढीच होती की पणजोबांना एक धाकटा भाऊ होता आणि तो फासावर गेला होता. का गेला, ते घरात कोणी बोलत नसे. वडिलांसमोर विषय निघाला की त्यांना खोकला यायचा, आणि खोकला थांबेपर्यंत विषय बदललेला असायचा. वडीलही तीन महिन्यांपूर्वी गेले. आता विचारायचं तर तुरुंगाच्या जुन्या दफ्तरालाच.

दोरवाल्यांनी व्यवहारी माणसासारखा आडाखा बांधला होता. हा चुलतपणजोबा बंडखोर निघाला, तर मुखपृष्ठावर पणजोबांच्या शेजारी त्याला जागा. चोर निघाला, तर तो जन्मालाच आला नव्हता.

"आणि अधलामधला निघाला तर, दादा?" त्या सकाळी धाकट्या भावानं विचारलं.

"तर आतल्या पानावर, बारीक टायपात."

धाकटा खदाखदा हसला. त्याला सगळा बाजार 'खार' म्हणायचा. धुराडी, मनोरे, उंच टाक्या रंगवणं हा त्याचा धंदा. जिथे इतरांचे पाय लटपटत, तिथे हा शीळ घालत बसे. त्या दिवशी सूतगिरणीचं धुराडं रंगवायचं होतं. धुराड्याच्या अर्ध्यावर एक अरुंद लोखंडी सज्जा होता. टोकापासून त्या सज्ज्यापर्यंत उतरायला बावीस वाव दोर हवा होता.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. दोर मोजायला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं हात पसरत, मोजत जायचं. टोक खारीनं धरलं होतं. दोरवाल्यांनी बावीस वाव मोजले आणि सुरी लावली.

"वरचा एक हात?" खारीनं विचारलं.

"बंद केलाय तो."

या घराण्याची ही एक रीत होती. मोजून झालं की कोपरापासून बोटांपर्यंतचा एक हात दोर वर सोडायचा आणि मगच कापायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. वडील म्हणायचे, "तो हात आपला नाही. ज्याचा आहे त्याला जाऊ दे." कोणाचा, असं विचारलं की पुन्हा खोकला.

"बाबा सोडायचे रे," खार म्हणाला.

"बाबा रेडिओलाही नमस्कार करायचे. तुला बावीस हवा होता, बावीस दिला. एक बोट कमी भरला तर माझं नाव बदल."

"तुझं नाव बदलून काय करू? तुला तसंही सगळे दोरवालेच म्हणतात." दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून खार निघून गेला.

बोट कमी भरला तर, हे दोरवाले बोलून गेले खरे, पण त्या वाक्याला एक ठसठस होती. वडील गेल्यापासून, म्हणजे वरचा हात बंद केल्यापासून, तक्रारी सुरू झाल्या होत्या. पहिली तक्रार होडीवाल्याची, मग गोठेवाल्याची, मग तंबूवाल्याची. सगळ्यांचं म्हणणं एकच... एक हात कमी भरला, शेठ. दोरवाले दोर परत मागवायचे आणि गिऱ्हाइकासमोर मोजून दाखवायचे. दुकानात पुरा भरायचा. गिऱ्हाईक ओशाळून घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. घरी एक हात कमीच.

गेल्या महिन्यात सूतगिरणीच्या मॅनेजरनं हीच तक्रार चार माणसांत केली, तेव्हा दोरवाल्यांचा पारा चढला होता. "माझ्या दुकानातून कमी दोर गेला असेल, तर त्याच दोराला मला टांगा!" बाजार हसला होता. विषय तिथेच मिटला होता.

दुपारी दोनच्या सुमाराला ते तुरुंगाच्या दफ्तरात पोचले. तळघरातली खोली. वर एक फूटभर उंचीची खिडकी, तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. ओलसर कागद, उंदीर आणि डांबरगोळ्या यांचा मिळून एक वास होता. दफ्तर सांभाळणाऱ्या बाई चष्मा कपाळावर ठेवून मटार सोलत बसल्या होत्या.

"नातेवाईक?" त्यांनी विचारलं.

"लांबचे."

"इथे येणारा प्रत्येक जण लांबचाच असतो. बसा."

बाईंनी दोन बाडं आणून टेबलावर आपटली. एक खटल्याचं आणि एक फाशीच्या नोंदींचं. धूळ बसेपर्यंत दोरवाले नाकाला रुमाल लावून बसले. मग वाचू लागले.

खटला साधा होता. काथ्या पुरवणारा एक व्यापारी दुकानाच्या गोदामात गळा आवळून मारलेला सापडला. गळ्याभोवती नवा कोरा दोर. पणजोबांनी कोर्टात साक्ष दिली होती, 'हा दोर माझ्या धाकट्या भावानं माझ्यासमोर कापला. दोन वाव.' फौजदारानं तो मोजला होता. भरला दोन वावाला एक हात कमी.

त्याखाली आरोपीचं म्हणणं एकाच ओळीत होतं. 'मी कापला असता तर पुरा भरला असता. बाजारात कोणालाही विचारा.'

आणि कारकुनानं पुढे कंसात लिहिलं होतं, '(न्यायालयात हशा.)'

दोरवाले हसले नाहीत. त्या कोर्टात दोर विकणारा कोणी बसला असता, तर तोही हसला नसता. वडिलांनी लहानपणी एक खोड त्यांना एकदाच करून दाखवली होती, पुन्हा कधीही करू नकोस असं बजावण्यासाठी. शेवटचा वाव घालताना अंगठा हळूच मागे सरकवायचा. गिऱ्हाइकाची नजर पसरलेल्या हातांवर असते, अंगठ्याकडे कोण बघतो? बरोब्बर एक हात दोर दुकानातच राहतो. "ही खोड आपल्या घरात होती," एवढंच वडील म्हणाले होते. कोणाची, ते सांगितलं नव्हतं.

तो दोर धाकट्यानं कापलाच नव्हता.

तेवढ्यात त्यांना आवाज आला. सरर्र... सरर्र... लाकडी फळीवरून दोर ओढला जाताना होतो तसा. हा आवाज दोरवाले झोपेतही ओळखतील. फळीवरून दोर ओढायचा, थांबायचा. पुन्हा ओढायचा. कोणीतरी मोजत होतं.

"बाई... हे काय वाजतंय?"

"पंखा असेल."

दोघांनीही वर बघितलं. पंखा बंद होता. बाईंनी मटाराची आणखी एक शेंग उचलली, पण सोलली नाही.

दोरवाल्यांनी दुसरं बाड उघडलं. फाशीच्या नोंदीत कैद्याची उंची होती, वजन होतं आणि खाली बारीक अक्षरात मजकूर होता.

'दोर पुरवठा: कैद्याचे थोरले बंधू. मागणी तीन वाव. बसवतेवेळी एक हात कमी भरला. खाली पुरेसा झोल न मिळाल्याने मान मोडली नाही. प्राण जाण्यास सतरा मिनिटे लागली. कैदी अखेरपर्यंत पायांनी जमीन शोधत होता.'

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. "अगं बाई! सख्ख्या भावाला? केवढं वैर असेल हो!"

दोरवाल्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "वैर नाही, बाई," ते म्हणाले. "वैर असतं तर निदान मनात भाऊ तरी आला असता. त्यांनी... सवयीनं केलं. रोज करायचे तसं."

तो हात आपला नाही. ज्याचा आहे त्याला जाऊ दे. बापानं, आज्यानं, हजारो दोरांवर एक-एक हात सोडून त्या फासावर गेलेल्याचं तोंड बंद ठेवलं होतं. आणि आपण तीन महिन्यांपूर्वी...

बावीस वाव.

त्यांनी फोन लावला. खारीऐवजी गिरणीच्या मॅनेजरनं उचलला.

"बोला शेठ! तुमचा भाऊ कमरेला दोर बांधतोय, त्याचे हात अडकलेत. स्पीकरवर टाकलंय, बोला."

"दादा, काय रे? बंडखोर का चोर?" लांबून खारीचा आवाज आला. मागे दोनचार गडी हसले.

"तू... तो दोर... पुन्हा एकदा मोजून घे."

मग मॅनेजरचा आवाज आला, मधासारखा. "का हो, शेठ? कमी भरतो की काय? म्हणजे आम्ही खोटं बोलत नव्हतो तर? टांगून घ्यायला कधी येताय?"

पुन्हा हशा. या वेळी मोठा.

आता बघा, त्या क्षणाला एकच वाक्य बोलायचं होतं. हो, कमी भरतो, चढू नकोस. पाच शब्द. ते पाच शब्द दोरवाल्यांच्या जिभेवर येऊन उभे राहिले. आणि त्यांना होडीवाला दिसला, तंबूवाला दिसला, सगळा बाजार दिसला, शंभर वर्षांची पाटी दिसली. त्यांनी शब्द गिळले.

"छे, छे! कमी कसा भरेल? सहज म्हटलं. जपून चढ, एवढंच."

"तू मोजलायस ना? मग झालं," खार म्हणाला आणि फोन बंद झाला.

दोरवाले उठले आणि बाड उघडं टाकून धावले. आपण स्वतः जाऊ, त्याला बाजूला घेऊ, कानात सांगू, कोणाला कळणार नाही. गिरणी पंधरा मिनिटांच्या अंतरावर होती. रिक्षावाल्याला ते सारखे म्हणत होते, "पळव रे, पळव." आणि रिक्षाच्या आवाजाखालून त्यांना ते ऐकू येत होतं. सरर्र... थांबलं. सरर्र... थांबलं.

गिरणीच्या आवारात सगळे माना वर करून उभे होते.

खार बावीस वाव उतरून आला होता आणि सज्ज्यावर पाय टेकायला गेला होता. सज्जा तिथे नव्हता. म्हणजे होता, पण एक हात खाली. पाय निसटला, कमरेचा वेढा काखेतून वर सरकला आणि गळ्याशी येऊन बसला. वरच्या गड्याला एकट्याला त्याला ओढता येत नव्हतं, आणि खालून सज्ज्यापर्यंत पोचेल अशी शिडी आवारात नव्हती. आगीच्या बंबाची उंच शिडी आणायला माणसं धावली होती.

दोरवाले खाली उभे राहून बघत राहिले. खारीचे पाय हलत होते. आधी जोरात, मग सावकाश. बोटं ताणून ते पाय खालचं लोखंड शोधत होते, अंधारात चप्पल शोधावी तसे. समोर गिरणीचं घड्याळ होतं. न बघायचं ठरवूनही त्यांनी बघितलं. शिडी लागली आणि माणूस वर पोचला, तेव्हा त्यांना येऊन तेरा मिनिटं झाली होती.

"तुम्ही यायच्या आधी चारेक मिनिटं निसटला," कोणीतरी म्हणालं.

पोलिसांनी दोर जप्त केला. चौकीत टेप लावून दोनदा मोजला. बावीस वाव पुरा भरला. एक बोटही कमी नाही. "तुमच्या मालात खोट नाही, शेठ," फौजदार सहानुभूतीनं म्हणाले. "त्याचाच अंदाज चुकला." मॅनेजरनं सगळ्यांदेखत दोरवाल्यांची माफी मागितली. बाजारात त्यांचं नाव राहिलं.

पुस्तिका निघाली नाही. पणजोबांची तसबीर त्यांनी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. आणि महिन्यानंतर दुकान उघडलं, तेव्हा पहिल्या दोरापासून वडिलांची रीत पुन्हा सुरू केली. मोजून झालं की वर एक हात. कोणीही तक्रार घेऊन आलं नाही. दोन दिवस गेले, चार दिवस गेले. दोरवाल्यांना रात्री थोडी झोप लागू लागली.

पाचव्या दिवशी दुपारी एक विहीर खोदणारा आला. परगावचा, या बाजारात नवखा. आदल्या दिवशी दहा वाव दोर घेऊन गेला होता. दहा वाव आणि वर एक हात. वेटोळं त्यानं फळीवर ठेवलं.

"शेठ, कमी भरला हो. एक हात."

दोरवाल्यांनी वेटोळं जवळ ओढलं. वर एक हात सोडूनही एक हात कमी. म्हणजे आता दोन हात जात होते.

"मी... मी स्वतः मोजला होता," ते कसेबसे म्हणाले. "मी एकटाच होतो काल. टोक खुंटीला अडकवलं होतं..."

विहीर खोदणारा माणूस भाबडा होता. त्यानं दोरवाल्यांच्या मागे, दुकानाच्या आत मान वळवून बघितलं आणि ओळखीचं हसला.

"एकटे कसे, शेठ? त्या दोघांनाच विचारा की. टोक त्यांनीच धरलं होतं."