शेवटचा ‘ना’

कुणाचा कोड अडला की रंग बदलणारा, ऑफिसच्या भिंतीवरचा मोठा पडदा लाल झाला, तेव्हा मी कॉफीच्या मशीनपाशी अगदी निरागस चेहरा करून उभी होते.

“कुणाचं पोर रडतंय?” मागून आवाज आला.

वळले… हातात वाफाळता कप, केसांवर पावसाचे थेंब आणि डोळ्यांत मिश्किल हसू. सॉफ्टवेअरचं बिल्ड, म्हणजे सगळ्यांचा कोड जोडून बांधायचं काम, तोच सांभाळायचा, म्हणून अख्खं ऑफिस त्याला ‘गवंडी’ म्हणायचं.

“माझंच,” मी पुटपुटले. “पण मी काहीच केलं नाही हो!”

“सगळे असंच म्हणतात. चला, बघू.”

माझ्या टेबलापाशी त्याने खुर्ची ओढली. समोर एक साधी फाईल होती… मशीनने आधी काय करायचं, मग काय, हे माणसालाही वाचता येईल अशा ओळींत लिहिलेलं. कोड घे, बांध, तपास, पुढे पाठव. प्रोग्रामिंगच्या भाषेची कुठली आवृत्ती वापरायची, तिथे मी ३.१० लिहिलं होतं.

“तुम्ही लिहिलंत तीन पॉइंट दहा. मशीनने वाचलं तीन पॉइंट एक. शेवटचं शून्य त्याला उगाचचं वाटतं, गाळून टाकतं.”

“मेलं आगाऊच आहे!”

“भोळं आहे हो बिचारं. आकडा दिसला की हिशोब करत बसतं. अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे जसं म्हटलंय तसं ऐकेल.”

घातलं. पडदा हिरवा झाला. माझे कान मात्र… लाल.

मग रोज काही ना काही अडायला लागलं. ओळीच्या आधी सोडायची जागा कधी कमी, कधी जास्त.

“इथे अंतर चुकलंय,” तो म्हणायचा आणि खुर्ची जरा जवळ सरकवायचा. “आता बरोबर.”

“फाईलमधलं की…?”

“फाईलमधलंच हो!”

एकदा मी विचारलं, “ही ओळ कशाला?”

“हे काम त्या कामासाठी थांबतं. ते हिरवं झाल्याशिवाय हे जागचं हलत नाही.”

“केवढी निष्ठा!”

“शिकण्यासारखी आहे,” तो म्हणाला… माझ्याकडे न बघता.

देवाने इतकं जुळवून आणावं आणि माणसाने आपल्याच तोंडाने बिघडवावं! एका संध्याकाळी, ऑफिसच्या दारात छत्री उघडण्याआधी तो म्हणाला, “मला दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बोलावलंय. साहेबांना उद्या उत्तर द्यायचंय. जाऊ?”

आणि मी फुरंगटून म्हणाले, “जा ना…”

“बरं,” तो म्हणाला आणि पावसात चालू लागला. छत्री हातात तशीच मिटलेली.

घरी ताईने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. “अगं, ‘जा ना’ म्हणजे ‘जाऊ नकोस’, हे तुला-मला कळतं. त्या गवंड्याने नुसतं ‘जा’ ऐकलं. शेवटचा ‘ना’ गाळला त्याने!”

“त्याच्या मशीनसारखा?”

“मग! सकाळी देवाला नमस्कार कर आणि जाऊन सरळ सांग, वेडाबाई.”

सकाळी तो साहेबांच्या दाराशीच उभा. मी धावतच गाठलं.

“थांबा! काल तुम्ही मला चुकीचं वाचलंत. मी ‘जा’ नाही म्हणाले, ‘जा ना’ म्हणाले. शेवटचं अक्षर गाळलंत तुम्ही!”

तो हळूच म्हणाला, “मग… अवतरणचिन्हांत सांगा.”

मी दोन्ही हात वर केले. बोटांची चिन्हं केली. “तू… जाऊ नकोस.”

“तू?”

“हो. जसं म्हटलंय तसं ऐकायचं!”

आतून साहेब ओरडले, “अरे गवंड्या, जातोयस की नाही?”

“नाही, साहेब!” त्याने तिथूनच सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “उत्तर अडवूनच ठेवलं होतं. म्हटलं, आधी तुझ्याकडे हिरवं होतंय का बघू… चल, कॉफी घेऊ.”

“मला काम आहे,” मी उगाचच म्हणाले.

“चल ना…”

आणि तो ‘ना’ त्याने इतका लांबवला, इतका लांबवला… की जगातल्या कुठल्याच मशीनला तो गाळता आला नसता.