डिपरचा अर्थ

देशोदेश जोडणाऱ्या खंडमार्ग या महामार्गाच्या नागपूर नियंत्रण केंद्रात भिंतभर नकाशा होता आणि त्यावरचे लाल ठिपके पश्चिमेकडे सरकत होते. एक ठिपका म्हणजे एक अपघात. रस्ता तोच, पूल तेच, मग अपघात कधीपासून चालायला शिकले, हे केंद्रप्रमुख हेमांगी भोयरला कळेना. त्यात तिचा थोरला भाऊ उत्तम याच रस्त्यावर संत्र्यांचा ट्रक घेऊन निघालेला. जीव टांगणीला लागल्यावर तिने त्याला डोंगरातल्या एका ढाब्यावर थांबवून ठेवलं होतं, आणि संत्रा सडून राह्यला म्हणून तो फोनवर तिच्या नावाने खडे फोडत होता.

कोडं सोडवलं यास्मिन इनामदारने. ती संकेतशास्त्रज्ञ, माणसं आणि यंत्रं एकमेकांना खुणा कशा करतात, हा तिचा विषय. डोंगरातले पूल एकपदरी, आणि दोन्ही बाजूंना तीव्र उतार. भरलेली गाडी एकदा उताराला लागली की पुलाआधी थांबत नाही. त्यामुळे आधी कोणी जायचं, ते समोरासमोरच्या माथ्यांवरून दिवे लुकलुकवून, म्हणजे डिपर देऊनच ठरायचं. चालकाविना धावणाऱ्या स्वयंसारथी गाड्याही ही रीत त्या त्या मुलखातल्या चालकांकडे बघून शिकल्या होत्या.

"आपल्याकडे डिपर दिला म्हणजे 'मी येतोय, थांब'," यास्मिन म्हणाली. "पश्चिमेकडे त्याच डिपरचा अर्थ 'मी थांबलोय, तुम्ही या'. आपला गडी डिपर देऊन निघतो आणि समोरचा आभार मानून निघतो."

डिपरला दुसरा अर्थ असू शकतो, हे हेमांगीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दोन अर्थ जिथे भेटतात त्या जागेला यास्मिनने अर्थसीमा असं नाव दिलं होतं. आपल्या गाड्या वाढल्या, त्यांची रीत पुढे पसरली, तशी सीमा सरकली आणि तिच्यासोबत ठिपकेही. आपल्या बाजूला मात्र सगळ्यांचा अर्थ एकच, म्हणून तिथे एकही ठिपका नव्हता.

हेमांगीने तिथल्या तिथे ठरवलं: चुकीची खूण करण्यापेक्षा खूणच नको. यास्मिनला विचार करायला थोडा वेळ हवा होता, पण हेमांगीला दम कुठला. स्वयंसारथींना आदेश गेला, चालकांसाठी त्यांच्या त्यांच्या भाषेत घोषणा झाली. आजपासून खंडमार्गावर डिपर बंद.

मग तिने उत्तमला फोन लावला. "दादा, नीघ आता. फक्त डिपर देऊ नको."

"डिपर नाही द्याचा? मंग समोरचा येऊन राह्यला का थांबला, समजाचं कसं?"

"खूणच नाही तर घोळ कसला? सीमेपर्यंत तर सगळे आपलेच आहेत."

तो 'हाव' म्हणाला आणि निघाला. हेमांगीला कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं. सीमेवर नवा ठिपका उमटला नाही. तिने दोघींसाठी चहा मागवला.

चहा यायच्या आधी पश्चिमेकडून निरोप आला. पुलांच्या दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या आणि कोणीच पुढे जायला तयार नव्हतं. हेमांगीला हसू आलं. यास्मिन हसली नाही.

"त्यांच्याकडे डिपर दिला नाही म्हणजे समोरचा वाट देत नाही," ती सावकाश म्हणाली. "म्हणून दोघंही थांबलेत. हेमांगी, आपल्याकडे डिपर दिला नाही म्हणजे काय?"

हे हेमांगीला कोणी सांगायची गरज नव्हती. उत्तमच्या शेजारी बसून तिने हजारदा पाहिलं होतं. डिपर नाही म्हणजे समोरचा येत नाही, आपण निघायचं. आणि समोरचाही हेच समजणार.

तिने नकाशावर उत्तमचा ट्रक शोधला. तो पुलाच्या अलीकडच्या उतारावर होता. पलीकडच्या उतारावर एक स्वयंसारथी होती, उत्तमसारख्यांकडेच बघून शिकलेली. हेमांगीने तिला थांबण्याचा आदेश पाठवला, पण तीही भरलेली, आणि उताराला लागून चुकली होती. हेमांगीने उत्तमला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"दादा, थांब."

"आता कसा थांबू, हेमे?" त्याचा आवाज चढला नव्हता, नुसता गोंधळलेला होता. "त्यानं डिपर देला नाही, म्हणून तं मी निघालो. मंग तो काहून येऊन राह्यला?"