लॉबीतले आठ सिलिंडर

हॉटेलातल्या इस्त्रीच्या खोलीला आग लागली, तेव्हा आत एकटी इस्त्रीवाली होती. मॅनेजरने लॉबीतला आग विझवायचा सिलिंडर उचलला, दाबला. थेंबसुद्धा आला नाही. दुसरा दाबला, तोही कोरडा. बाई जिवानिशी गेली.

सकाळी अग्निशमन दलाचा तपासनीस आला. तिचा नवरा, याच हॉटेलातला आचारी, दारातच आडवा आला.

"साहेब, सिलिंडर कुणी रिकामे केले, तेवढं नाव द्या. बाकी काही नको मला."

लॉबीत नुसता थाट! भिंतीवर आठ लाल सिलिंडर, तोंड पाहून घ्यावं इतके लखलखीत. आणि आठही रिकामे.

मॅनेजरची पाचावर धारण बसली होती.

"यांत पाणी कधी भरलं?"

"सहा महिने झाले. कागद आहेत."

"आणि मागच्या गोदामातले?"

"तेही त्याच दिवशी, साहेब."

गोदामातल्या चारांवर बोटभर धूळ होती. पण चारही भरलेले. म्हणजे भरणाऱ्याने फसवलं नव्हतं.

"लॉबीतले पुसतं कोण?"

"गेलेल्या बाईचेच वडील. रोज खाली उतरवून पुसायचे, असा माझा नियमच आहे. पाहुण्यांच्या नजरेत भरायला नको?"

धन्य तो नियम! तपासनीसाने लॉबीतल्या सिलिंडरचं झाकण फिरवून काढलं. आतल्या आट्यांत पांढरं पॉलिश वाळलेलं होतं. मग गोदामातला एक भरलेला सिलिंडर पुसून त्याने भिंतीवर अडकवला आणि म्हाताऱ्याला बोलावलं.

"काका, तेवढा खाली काढून द्या."

म्हाताऱ्याने सवयीने एक हात घातला. सिलिंडर निसटला, खांद्याला हिसका बसला.

"चौदा किलो वजन आहे, काका. कुणीही दोन हात लावेल. तो हलका असणार, हे तुम्हालाच ठाऊक होतं. झाकणं पॉलिशच्या हातांनी उघडलीत. आणि रिकामे झाले, ते रोज उचलायचे तेवढेच."

म्हातारा मटकन खाली बसला.

"पाठ मोडायची हो. आठ वेळा खाली, आठ वेळा वर. यांना सांगितलं, तर म्हणाले, जमत नसेल तर घरी बसा. घरी बसून पोरीच्या जिवावर खाऊ? एकेक करून मोरीत ओतले. वाटलं, इथं कुठली आग लागतेय!"

"बघा! माझा काय दोष?" मॅनेजर उसळला.

"तुम्ही तोंड उघडू नका," तपासनीस ओरडला. त्याला कधी नव्हे तो आपल्या कामाचा वीट आला होता.

आवाज ऐकून जावई आत आला. सासरे जमिनीवर बसलेले बघून धावला, त्यांचा हात घट्ट धरून उठवू लागला.

"मामा, सावरा. नाव कळलं का यांना?"

"कळलं," म्हातारा म्हणाला. "आधी हात सोडा माझा. मग सांगतो."