थोरला की धाकटा

आपल्या थोरल्याचं वागणं काकूंना मुळीच पसंत नव्हतं. पोरगा अॅम्ब्युलन्स चालवायचा. मागे बाई कळांनी किंचाळत असली तरी स्टिअरिंगवरचा हात कधी थरथरला नाही. आणि घरात एक नर्स भाडेकरू काय आली, जेवताना पाण्याचा पेला तोंडाऐवजी हनुवटीला लावायला लागला! बोलणं म्हणाल तर 'हो', 'नाही', आणि फार झालं तर 'बघतो'. धाकटा नेमका उलटा. तो औषधांच्या दुकानात बसायचा. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध न्यायला यायचं आणि हसून हसून खोकला वाढवून परत जायचं.

"एवढा मुखदुर्बळ माझ्या पोटी आला कसा?" काकू म्हणायच्या. गल्लीलाही तेच कोडं होतं. काकूंच्या दारावरून फेरीवालासुद्धा आवाज खाली करून जायचा.

ती नर्स आली तो दिवस मात्र काकूंना अजून लख्ख आठवतो. आता त्या अंगणात फरशी बसली, थोरल्याची ती अॅम्ब्युलन्सही कधीच भंगारात गेली. तेव्हा तिथं माती होती, पेरूचं झाड होतं आणि झाडाखाली गाडी. थोरला गाडीखाली शिरलेला, बाहेर नुसते पाय. हातात बॅग, नाकावर घसरलेला चष्मा, अशी ती त्या पायांपाशी येऊन थांबली.

"वरची खोली भाड्यानं द्यायची आहे ना?"

पाय आणखी आत सरकले.

"या पायांचे मालक घरात आहेत का?"

खाली डोकं आपटल्याचा आवाज झाला. त्या गडबडीत गाडी धुवायचा पाण्याचा पाइप हातातून सुटला आणि फवारा थेट तिच्या चष्म्यावर. चष्मा न पुसताच ती हसायला लागली... गालांवरून थेंब ओघळत होते आणि ती आपली हसतेच आहे.

"आई आहे घरात," पाय म्हणाले. पण बाहेर काही आले नाहीत.

काकूंनी खिडकीतून सगळं पाहिलं आणि भाडं ठरवायच्या आधीच खोली देऊन टाकली.

पोरगी नुकतीच शिकून बाहेर पडलेली. बाळंतपणाचं काम करायचं हे पक्कं होतं, कुठं करायचं हे ठरत नव्हतं. दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. एक मोठं इस्पितळ, दुसरं नदीकडचं छोटं प्रसूतिगृह. संध्याकाळी ती पायरीवर बसायची आणि गाडी पुसणाऱ्या थोरल्याला विचारायची. काकू आत भाजी निवडत. कान अर्थातच बाहेर.

"तुम्ही दोन्हीकडे बायकांना पोचवता. तुम्हीच सांगा, कुठं जाऊ?"

"मोठ्या इस्पितळात... लिफ्ट आहे."

"आणि छोट्या ठिकाणी?"

त्यानं बराच विचार केला. "जाई आहे. खिडकीला."

ती खुदकन हसली, मग गंभीर झाली. "इस्पितळात डॉक्टर एका हाकेवर. बाळाचे ठोके ऐकणारी यंत्रं, शेजारी ऑपरेशनची खोली. खूप शिकायला मिळेल. पण एकीचा हात धरला की दुसरी हाक मारते. सुटका झालेल्या बाईचा चेहरासुद्धा नीट बघायला मिळत नाही. छोट्या ठिकाणी तीनच खाटा. पहिल्या तपासणीला आलेली बाई बाळ घेऊन घरी जाईपर्यंत माझीच. पण... काही बिघडलं तर? तिथं ऑपरेशनची सोय नाही."

"बिघडलं तर मला फोन येतो."

"मग?"

"मग मी येतो."

तिनं मान तिरकी केली. "बस? येतो?"

"लवकर येतो," थोरला म्हणाला आणि पुसलेलंच चाक पुन्हा पुसायला बसला.

आत काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती खालच्या फोनवरून आपल्या ताईशी बोलत होती. थोरला नुकताच घरी आला होता. दारात एक चप्पल काढलेली, एक पायात.

"ताई, ठरलं बाई एकदाचं. धाकट्यालाच हो म्हणणार... अगं, थोरला वाईट नाही. भरवशाचा आहे, नाव आहे. पण तिथं दोन शब्द मायेनं बोलायची सोय नाही ग. धाकट्याकडे कसा जीव रमतो... हो, हो, सोमवारी सांगून टाकते."

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. दाराकडे बघतात तो दारात कोणी नाही. काढलेली चप्पल तेवढी उंबऱ्यापाशी पडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला चहाच्या कपात बघत म्हणाला, "आई, डोंगरापलीकडच्या अॅम्ब्युलन्सच्या ठाण्यावर ड्रायव्हर हवाय. मी नाव दिलंय. सोमवारी जातो."

"आणि इथली गाडी?"

"येईल कोणीतरी नवीन."

काकूंचे गुडघे दुखत, म्हणून त्या कधी जिना चढत नसत. त्या दिवशी चढल्या.

"माझ्या धाकट्याला हो म्हणायचं तर खुशाल म्हण. पण आधी मला विचारायचं होतंस. आणि त्याच्यापायी थोरल्याला नावं कशाला ठेवायची? माझं पोरगं कमी बोलतं, मुकं नाही ते."

पोरगी वेणी घालत होती. हात तिथंच थांबले.

"काकू... कोण धाकटा?"

"आता तेही मीच सांगू?"

"अहो, धाकटा म्हणजे ते प्रसूतिगृह! मी आणि ताई दोन्ही दवाखान्यांना तसंच म्हणतो. थोरला दवाखाना, धाकटा दवाखाना..." बोलता बोलता तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तुम्हाला वाटलं की मी..."

काकू खाटेवर टेकल्या. पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मला कसलं वाटतंय! मी आपली तुझी परीक्षा घेत होते." आजही विचारा, हेच सांगतात. "पण त्यानं ऐकलंय. आणि तो सोमवारी गाव सोडून चाललाय."

अर्धी वेणी तशीच सोडून पोरगी जिना उतरली. काकू खिडकीशी गेल्या.

थोरला गाडीतली चादर बदलत होता.

"तुम्ही चाललात म्हणे?"

"हो."

"मग मी त्या छोट्या दवाखान्याला 'नाही' कळवते. धाकट्या दवाखान्याला."

त्याचे हात थांबले. "दवाखान्याला?"

"दवाखान्याला. आम्ही बहिणी त्याला धाकटा म्हणतो." तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. "फोनवर तेच चाललं होतं."

ऐकलेलं आत उतरायला थोरल्याला वेळ लागला. मग कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या.

"पण... 'नाही' का कळवायचं? तुमचा जीव रमतो ना तिथं?"

"रमतो. पण तिथं बाई अडली की एकच आधार, गाडी. ती कोण घेऊन येणार, ते बघून मी हो म्हणणार होते. दुसरा कोणी येणार असेल तर मला यंत्रंच बरी."

थोरल्यानं खिशात हात घातला, गाडीची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ही... तुमच्याकडे ठेवा. मग मी कुठं जाणार?"

तिनं किल्लीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. चष्म्याआड पाणी आलं होतं. ती काही बोलणार तेवढ्यात वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"अरे शहाण्या, कुणाला कळा आल्या तर गाडी काय ढकलत नेणार आहेस? ती किल्ली घाल खिशात, आणि पोरीच्या हातात हात दे."