मागून आलेला होकार

हे मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर त्यात माझी चूक ठेवली नसती.

भुताची गोष्ट म्हटली की रात्र लागते, अंधार लागतो म्हणे. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. रविवार होता, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. डोक्यावर चार ट्यूबलाइट ढणाढणा जळत होत्या.

मी एका हॉस्पिटलच्या औषधखान्यात फार्मासिस्ट आहे. सोळा वर्षं झाली. आमची खोली तळघरात. एक दार आणि एक खिडकी, तीसुद्धा कॉरिडॉरमध्ये उघडणारी. वॉर्डातून चिठ्ठी येते, आम्ही खिडकीतून औषध देतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण औषधं एकमेकांची जुळी भावंडं असतात. तोच खोका, तोच रंग, तीच बाटली. आत मात्र एक तारणारं, दुसरं मारणारं. म्हणून आमच्याकडे एक शिस्त आहे. एकाने फळीवरून औषध काढायचं आणि लेबल मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने टेबलाशी बसून चिठ्ठी आणि लेबल दोन्ही बघायचं, ‘बरोबर’ म्हणायचं आणि चिठ्ठीवर खूण करायची. त्याशिवाय साधी तापाची गोळीसुद्धा बाहेर जात नाही.

माझा जोडीदार पैलवान. हे नाव आम्हीच ठेवलंय, कारण फुंकर मारली तर उडून जाईल असा आहे. त्या महिन्यात आमच्याबरोबरची तिसरी फार्मासिस्ट रजेवर होती. त्यामुळे दोन वाजता पैलवान जेवायला गेला की अर्धा तास मी एकटी. त्या अर्ध्या तासात काही द्यायचं नाही, असा नियम.

पण त्या रविवारी वॉर्डातून फोन आला. पेशंट तापाने फणफणलाय, इंजेक्शन लगेच हवंय. वॉर्डात वरकाम करणारी मावशी चिठ्ठी घेऊन खिडकीशी उभीही राहिली.

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. फळीवरून खोका काढला आणि सवयीने लेबल मोठ्याने वाचलं.

"बरोबर."

मागून. टेबलापासून.

मी खोका मावशीच्या हातात दिला. "आज लवकर जेवलास रे," म्हणत वळले…

खुर्ची रिकामी होती.

आणि मग लक्षात आलं. औषधांचा फ्रिज दिवसरात्र घरघरत असतो. तो गप्प होता. इतका गप्प, की मला माझा श्वास ऐकू येत होता. दोन मिनिटांनी तो आपोआप सुरू झाला.

पैलवान आला तो हात पुसतच. "मॅडम, काय झालं? चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा."

"तू मघाशी येऊन गेलास का?"

"मी? आत्ता डबा धुऊन येतोय. भास झाला असेल. वेळेवर जेवत जा जरा."

मी हसण्यावारी नेलं. मग टेबलावरची चिठ्ठी उचलली.

तिच्यावर खूण केलेली होती.

शाई अजून ओली होती…

दुसऱ्या दिवशी दोन वाजायच्या आधीच मी खिडकी अर्धी लावून घेतली. तरी चिठ्ठी आली. मी लेबल वाचलं. फ्रिज थांबला…

"बरोबर."

आवाज बाईचा होता की पुरुषाचा, सांगता येणार नाही. थकलेला होता. दिवसभर हेच एक काम करणाऱ्याचा असावा तसा. मी औषध आणि चिठ्ठी चार वेळा पडताळून पाहिली. खरंच बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशीही बरोबर. चौथ्या दिवशीही.

पुढचं लिहिताना मला लाज वाटते. मला त्या आवाजाची सोय झाली. वॉर्डाची बोलणी खावी लागेनात. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाच गोळ्या सुरू केल्या असत्या. आठवड्याभरात मी मागे वळून बघणं सोडलं. मग लेबल नीट बघणंही सोडलं. तोंडाने वाचायचं, कानाने ऐकायचं आणि हात खिडकीबाहेर. सोळा वर्षांची शिस्त मी अशी गुंडाळून ठेवली.

पंधराव्या दिवशी, पुन्हा रविवारी, जी चिठ्ठी आली ती माझ्या ताईच्या नावाची होती.

ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. ती दुसऱ्या मजल्यावर होती. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, मला ताईनेच वाढवलं. ऑपरेशनला जाताना सगळ्या वॉर्डाला सांगत होती, "खाली माझी बहीण बसलीय, मला कसली भीती?"

चिठ्ठीत दोनच कुप्या होत्या. साधं सलाईन. हाताला लावलेली सुई तुंबू नये म्हणून त्यातून थोडं थोडं सोडतात. याचं जुळं भावंड म्हणजे पोटॅशियम. तेवढीच बोटाएवढी कुपी, आत तसंच पाण्यासारखं औषध. मोठ्या बाटलीत मिसळून सावकाश दिलं तर माणूस वाचतो. थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. म्हणून ते कुलपात असतं आणि किल्ली माझ्या कोटाच्या खिशात.

मी सलाईनच्या ड्रॉवरमधून दोन कुप्या उचलल्या.

"सलाईन, दहा मिली."

फ्रिज थांबला.

या वेळी उत्तराला वेळ लागला…

"बरोबर."

अगदी कानाशी. मानेवर गार श्वास लागला. मी वळले नाही. कुप्या मावशीच्या हातात ठेवल्या आणि ती गेली.

पाचेक मिनिटांनी पैलवान आला. चिठ्ठी बघून जागच्या जागी थांबला.

"मॅडम, सलाईन कुठून दिलंत?"

"ड्रॉवरमधून. का रे?"

"सकाळीच संपलंय. नवीन माल संध्याकाळी येणार. ड्रॉवर मी पुसून ठेवलाय."

त्याने ड्रॉवर ओढला.

रिकामा. कोरडा. एक कुपी नाही…

मी कपाटाकडे धावले. कुलूप जागेवर. किल्ली खिशात. उघडलं तर आतला एक खोका फाडलेला होता.

पैलवानने वॉर्डाला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. मी जिन्याकडे पळाले. तीन मजले कसे चढले ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी सारखी "ताई, ताई" करत होते.

सिस्टर ताईच्या पलंगाशी होती. सिरिंज नळीला लावलेली. अंगठा दट्ट्यावर.

मी तिच्या हातावर फटका मारला. सिरिंज लांब जाऊन पडली. ट्रेमध्ये फोडलेली कुपी होती. पोटॅशियम. लाल, ठळक अक्षरांत. हेच मी ‘सलाईन’ म्हणून वाचलं होतं.

सिस्टर रडायलाच लागली. "अहो, मी थांबले होते! लाल अक्षरं बघून मला शंका आली होती. पण तुम्हीच तर सांगितलंत…"

"मी?"

ताई बोलली. गुंगीतच होती, पण शब्द स्पष्ट होते. "असं काय करतेस गं? आत्ता दारात उभी होतीस ना? सिस्टरने विचारलं, हेच द्यायचंय का. तू म्हणालीस, बरोबर."

"ताई, मी आत्ता येतेय. धावत."

ताईने माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं…

मग तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. तिला तिथे काय दिसलं, ते तिने आजवर सांगितलेलं नाही. मी विचारलं की विषय बदलते.

ताई चार दिवसांनी घरी आली. ठणठणीत आहे. चूक माझी, असं मी लेखी दिलं. आवाजाचं लिहिलं नाही. आता औषधखान्यात कुणालाच एकटं ठेवत नाहीत. मी अजून तिथेच आहे. दुपारी फ्रिजचा आवाज जरा बदलला तरी मी हातातलं औषध खाली ठेवते.

पण मला झोप लागत नाही ती यामुळे नाही.

त्या संध्याकाळी आम्ही कपाटातल्या कुप्या मोजल्या. ताईसाठी गेलेल्या दोन कमी असायला हव्या होत्या. पाच कमी होत्या.

त्या पंधरा दिवसांत मी दुपारी एकटीने दिलेली सगळी औषधं वापरली गेली होती. रिकाम्या कुप्या कचऱ्यातून केव्हाच गेल्या होत्या, तपासायला काही उरलं नव्हतं. आणि त्याच दिवसांत दुसऱ्या मजल्यावरची तीन माणसं गेली. तिघंही वयस्कर, तिघंही आजारी. कागदावर कारणं लिहिलेली आहेत. डॉक्टर म्हणाले, उगाच डोक्यात काही घेऊ नका.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या गेटवर एका माणसाने मला थांबवलं.

"तुम्ही खाली औषधं देता ना? माझी आई दुसऱ्या मजल्यावर होती. दुपारी औषधासाठी थांबावं लागतं म्हणे, तुम्ही एकदाही थांबवलं नाहीत. तेव्हा गडबडीत आभार मानायचे राहिले."

मी विचारलं, "आई… कधी गेल्या?"

"दुपारीच. अडीचच्या सुमाराला. शेवटचं इंजेक्शन घेतलं आणि लगेच शांत झाली. काही त्रास झाला नाही तिला."

बोलता बोलता त्याने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. त्याचे डोळे भरून आले होते. मला तो हात सोडवून घेता येईना.